तेहतीसवर अडकलेली गोळी

आधी कबूल करा, मधेच हसायचं न्हाई. मंगच सांगते. कारण हा किस्सा आमच्या आष्टीत मी सोडून सगळ्यांनी सांगून झालाय, अन प्रत्येकानं त्यात पदरचं थोडं घातलंय. कुणी म्हणतं मॅडमनी अँब्युलन्सवर गोळी झाडली, कुणी म्हणतं ड्रायव्हरवर. तसलं काही न्हाई झालं. झालं ते त्याच्याहून लाजिरवाणं होतं, म्हणून माझ्याच तोंडून ऐका.

मी इथं शाळेत विज्ञान शिकवते. बीएस्सी फिजिक्स. आमचे हे म्हणतात, ही बाई मेथीची जुडी घेताना पण भाजीवाल्याला बीएस्सी फिजिक्स सांगती. सांगते, मंग काय झालं? शिकले ते काय झाकून ठेवायला? अन खरं सांगते, माझी लहानपणापासून एक हौस होती. शास्त्रज्ञांची नावं बघा कशी एककांना देतात, पोरं परीक्षेत ती नावं लिहितात. तसं विज्ञानात आपलं पण नाव कुठंतरी लागावं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर माझी पोरगी श्रावणी, अकरावीला आहे, एअर रायफल खेळती. दहा मीटरवरून पुठ्ठ्यावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा. रायफल जालन्याच्या नेमबाजी क्लबाची, तिथं शिकवणाऱ्या सरांनी तिला वापरायला दिलेली. घरामागं आमचं पत्र्याचं लांब शेड आहे, ह्यांच्या खतांच्या गोण्या ठेवायला. ह्यांचं वाटूर फाट्यावर खत-बियाण्याचं दुकान आहे ना, त्याचा जास्तीचा माल. त्या गोण्या एका अंगाला सारून पोरगी सराव करती. तिथं ऊन असं तापतं की पापड भाजून निघावा. म्हणून मीच समोर, पुठ्ठ्याच्या बाजूला, मोठा कूलर आणून ठेवला होता. वारं थेट पोरीच्या तोंडावर यावं म्हणून. आईची माया, दुसरं काय.

जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली, अन पोरीचे नेम घसरायला लागले. सगळ्या गोळ्या खाली. पोरगी जेवंना, बोलंना. मी सरांना म्हणले, "सर, माझ्या पोरीचा नेम चुकत न्हाई. रायफलच बिघडली असंल."

सर म्हणले, "मॅडम, पोरगी घाबरली आहे, रायफल बराबर आहे. पण तुमच्या मनाची खात्री व्हावी म्हणून आपला क्रोनो घेऊन जा. आठ दिवस ठेवा. वेग मोजा अन निवांत व्हा."

क्रोनो म्हणजे रडार क्रोनोग्राफ. एवढं लांब नाव कोण घेणार, क्लबात सगळे क्रोनोच म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी असती. ती नळीशेजारी ठेवायची, तोंड पुठ्ठ्याकडं करायचं. तिच्यातून लहरी निघतात, पळत्या गोळीवर आपटून परत येतात, अन गोळी सेकंदाला किती मीटर पळाली तो आकडा समोर दिसतो. या रायफलीचा आकडा एकशेसत्तरच्या आसपास यायला पाहिजे. सर अजून काय काय सांगत होते. समोर हे नको, समोर ते नको, रायफलीच्या स्क्रूला हात लावू नका. मी म्हणले, "सर, मी बीएस्सी फिजिक्स आहे." मंग ते बिचारे गप बसले.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी थाटात क्रोनो लावला. पोरीनं नेम धरला, गोळी सोडली. आकडा आला तेहतीस.

म्हणले, चुकून आला असंल. परत मार. तेहतीस. परत. तेहतीस. एकदा चौतीस आला तर मला असा आनंद झाला की काय सांगू. पुन्हा तेहतीस.

एकशेसत्तरच्या जागी तेहतीस म्हणजे रायफल पार कामातून गेली. उद्या सकाळी निवड, दुसरी रायफल न्हाई, अन वर्षभराची मेहनत मातीत. श्रावणीनं रायफल खाली ठेवली, खताच्या गोण्यांवर आडवी झाली अन तोंडावर टॉवेल ओढून मुसमुसायला लागली. समोरच्या पुठ्ठ्याला गोल, स्वच्छ भोकं पडलेली होती. तेहतीसच्या वेगानं अशी भोकं पडतात का, एवढा साधा प्रश्न सातवीतल्या पोरालाही पडला असता. मला न्हाई पडला. मी आकडा बघत होते ना.

मी सरांना फोन लावला. कूलरचा आवाज म्हणजे पिठाची गिरणी. मी आपली ओरडून बोलत होते, "सर, क्रोनो लावला. हो, घरीच. गोळीत काही जीव न्हाई राह्यला. आकडा तेहतीसच्या वर जाऊनच न्हाई राह्यला. पोरगी आडवी पडली आहे." सरांचा आवाज तुटक येत होता, ते "समोर, समोर" असं काहीतरी म्हणले अन फोन कटला.

अन शेडच्या दाराशी आमच्या आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तुरीची डाळ निवडून राह्यल्या होत्या. त्यांना एका कानानं जरा कमी ऐकू येतं, अन नेमका तोच कान माझ्याकडं होता. त्यांनी काय ऐकलं असंल? घरात करोना आला. गोळीचा गुण न्हाई. नात आडवी पडली. त्या हातातलं सूप तसंच टाकून उठल्या, तोंडाला पदर बांधला, अंगणात लिंबाखाली गेल्या अन लेकाला फोन लावला.

हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला एवढंच दिसलं, की थोड्या वेळानं ह्यांचा फोन आला. अन तो फोन मी जसाच्या तसा सांगते, कारण नंतर आम्ही दोघांनी बसून तो शब्द न शब्द आठवला आहे.

हे म्हणले, "अगं, घरात करोना आलाय म्हणून आई सांगून राह्यली. खरं का?"

कूलर घुर्र करून राह्यला होता. मला ऐकू आलं क्रोनो. मी म्हणले, "आलाय म्हणजे काय, मीच आणला जालन्याहून. सरांकडून."

"आणला?"

"हो. सर म्हणले आठ दिवस ठेवा, मंग परत द्या."

पलीकडून हळू आवाजात, "कुणाला झालं?"

मला ऐकू आलं, कुणाला आणला. मी म्हणले, "कुणाला म्हणजे? श्रावणीसाठीच आणला की. तिचं भलं व्हावं म्हणून. न्हाईतर मला काय हौस आहे का?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मशीन लावून पाह्यली का? आकडा किती दाखवून राह्यली?"

"तेहतीस."

"तेहतीस?"

"दुपारपासून तेहतीस. सर म्हणले होते, एकशेसत्तरच्या आसपास पाहिजे."

आता तुम्ही सांगा, ज्या माणसानं करोनाची ती दोन वर्षं घरोघरी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजताना पाह्यलं, त्याला तेहतीस ऐकून काय वाटलं असंल? ते म्हणतात, माझ्या डोळ्यापुढं दुकान गरगर फिरलं. पण मला वाटलं, बघा, ह्यांना किती काळजी. एरवी हे रायफलीला फटाकडी म्हणायचे. आज आकडे विचारून राह्यले. माझे तर डोळेच भरून आले.

"गोळ्या दिल्या का?" ह्यांनी विचारलं.

"गोळ्या टाकून टाकून डबी संपत आली. एकीचा उपयोग न्हाई."

"अगं बाई, डबी? एवढ्या गोळ्या द्यायच्या असतात का?"

"मंग काय करू? मला वाटतं हवाच कमी पडून राह्यली. तुम्ही एक काम करा, भरलेला सिलेंडर घेऊन या. कुठूनही आणा, पण जल्दी आणा. उद्या सकाळपर्यंत न्हाई मिळाला तर पोरगी गेली म्हणून समजा."

यात माझं काय चुकलं? त्या रायफलीला हवेचा सिलेंडर असतो. नळीखाली बसतो, त्यातल्या दाबानं गोळी सुटती. तो बदलला तर रायफल चालंल असा माझा शास्त्रीय अंदाज. अन पोरगी गेली म्हणजे संघातून गेली. पण हे सगळं विस्तारानं सांगायचं मला सुचलं न्हाई, कारण घरच्या माणसाला कुणी विस्तारानं सांगतं का?

शेवटी मी म्हणले, "तुम्ही येईपर्यंत मी पाना घेऊन जरा खोलून पाहते. आत कुठं अडकलं असंल तर."

त्याच्यावर हे असे ओरडले, असे ओरडले, की लग्नापासून मी तो आवाज ऐकला न्हाई. "काही खोलायचं न्हाई! हात लावू नको तिला! मी आलोच."

मी पाना खाली ठेवला. खरं तर स्क्रूवर पाना बसवलेला होता, फक्त पिळायचा राह्यला होता. हे ओरडले म्हणून थांबले. या एका ओरडण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार न्हाई, ते का ते कळंलच.

बाहेर आले तर आत्याबाई लिंबाखाली, पदराआडून नुसते डोळे दिसून राह्यले. मी चहा घेऊन गेले तर म्हणल्या, "तिथंच ठेव. लांब ठेव. मंग मी घेते." मला वाटलं, रायफल बिघडवली म्हणून रागावल्या. गल्लीतल्या बाया फाटकाबाहेर गोळा होऊन राह्यल्या होत्या, अन मी दिसले की चार पावलं मागं सरकायच्या. मला वाटलं, पोरीची निवड हुकणार म्हणून गावाला वाईट वाटून राह्यलं. किती माया आहे गावाची, मी मनात म्हणले.

श्रावणी तशीच गोण्यांवर पडलेली. मी तिच्याजवळ बसले. तेवढ्यात लांबून, वेशीकडून, अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. आता मी वर्गात लहरींचा धडा नेहमी भोंग्यावरूनच शिकवते. म्हणले, पोरीचं मन जरा दुसरीकडं वळवावं.

"ऐक श्रावणी," मी म्हणले, "हेच रडारचं तत्त्व. भोंगा जवळ येऊन राह्यला की आवाज चढतो, लांब जाऊन राह्यला की उतरतो. बघ, चढतोय ना? म्हणजे जवळ येऊन राह्यली. आता बघ हं, घरासमोरून गेली की लगेच उतरंल."

आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. आवाज चढला. अजून चढला. उतरलाच न्हाई. आमच्या फाटकात येऊन थांबला.

श्रावणीनं टॉवेल थोडा बाजूला केला. "आई, तुझं तत्त्व आपल्याकडंच आलं."

अन शेडचं दार ढकलून एक माणूस आत आला. तोंडाला एकावर एक दोन मास्क, हातात मोजे, कपाळावर घाम. मी ओळखलंच न्हाई. चप्पल बघून ओळखलं, की हे तर आमचे हे. मागून ड्रायव्हर, त्याच्या खांद्यावर नळकांडं. फाट्यावर अपघात होतात म्हणून तिथं अँब्युलन्स उभीच असती, ती हे घेऊन आले. मास्क ड्रायव्हरनं दिलेले, मोजे दुकानातले, फवारणीचे.

ह्यांनी पाह्यलं, पोरगी गोण्यांवर आडवी. तिच्यापाशी जाऊन गुडघ्यावरच बसले. "श्रावणी, माय माझी, डोळे उघड. पप्पा आला. काही होणार न्हाई तुला." अन ड्रायव्हरकडून ती प्लास्टिकची वाटी घेऊन पोरीच्या नाकावर दाबली.

पोरगी लाथा झाडायला लागली. आतून "उं, उं" करून राह्यली.

मी धावले. "अहो, तिला काय लावून राह्यले? अन हा सिलेंडर कोणता आणला? हा बिलकुल बसणार न्हाई."

ड्रायव्हर म्हणला, "ताई, सगळ्यांना हाच बसतो. पेशंट कोण?"

"पेशंट कोणी न्हाई. रायफलला लावायचाय."

ड्रायव्हरनं ह्यांच्याकडं पाह्यलं. ह्यांनी माझ्याकडं पाह्यलं. ते काहीतरी बोलत होते, पण दोन मास्क अन वरून कूलर, मला एक अक्षर कळत न्हव्हतं. मी "काय? काय?" करून राह्यले. शेवटी ह्यांनी मास्क खाली ओढला अन बोंबलले, "तो कूलर बंद करा आधी!"

ड्रायव्हरनं बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला. शेडमध्ये अशी शांतता झाली की बाहेर आत्याबाई देवाचं नाव घेऊन राह्यल्या होत्या ते ऐकू आलं.

अन श्रावणी नाकावरची वाटी काढून म्हणली, "आई, तेहतीस गेला."

मी क्रोनोकडं पाह्यलं. आकडा शून्य.

"कूलर लाव बरं," पोरगी म्हणली. ड्रायव्हरनं लावला. तेहतीस. बंद केला. शून्य. परत लावला. तेहतीस.

कळलं तुम्हाला? रडारला काय माहीत, गोळी कोणती अन पंखा कोणता. समोर जे पळंल त्याचा वेग ते सांगतं. दुपारपासून मी कूलरच्या पात्यांचा वेग मोजून राह्यले होते. सर फोनवर "समोर, समोर" करून राह्यले होते ते हेच, की समोर काही फिरतं ठेवू नका. अन मी बीएस्सी फिजिक्स.

श्रावणी उठली. तोंड पुसलं, रायफल घेतली, उभी राह्यली. कूलर बंद, पत्रा तापलेला. पोरीनं श्वास सोडला अन गोळी सुटली.

एकशे बहात्तर.

अजून एक. एकशे एकाहत्तर. रायफल ठणठणीत होती. मला असं हलकं वाटलं, की मी खालीच बसले. मघाशी खाली ठेवलेला पाना तेवढ्यात मला दिसला. एक पीळ मारला असता तर चांगली रायफल माझ्या हातानं गेली असती, निवडीच्या आदल्या दिवशी, पोरीच्या डोळ्यादेखत. मी तो पाना हळूच उचलला अन गोण्यांमागं टाकला.

मंग मी ह्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. क्रोनो काय, गोळी कोणती, तेहतीस कशाचा, हवा कशाची. हे खताच्या गोणीवर बसून ऐकत होते. मला वाटलं, आता फुटणार. पण ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे लेकरू बरं आहे?"

"बरं आहे. साधी सर्दी पण न्हाई."

"बस. मंग काही म्हणणं न्हाई." अन मोजे घातलेल्या हातांनीच तोंड झाकून रडले. रडता रडता हसायला लागले. म्हणले, "वाटूरपासून इथवर मी त्या गाडीत कोणकोणते नवस बोललो, ते मलाच आठवंना. आता सगळ्याच देवळात जावं लागंल. जांबच्या देवळापासून सुरुवात करू."

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "अरे, मंग करोना कुणाला हाय?"

"कूलरला," श्रावणी म्हणली.

ती हसली हो. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. बापानं मास्क लावून नाकावर वाटी दाबली ते आठवून आठवून हसली, पोट धरून हसली. ड्रायव्हर हसला, फाटकाबाहेरच्या बाया आत आल्या, सगळ्यांना चहा केला. आत्याबाईंनी पदर सोडला, पण चहा मात्र लांबूनच घेतला. म्हणल्या, काही सांगता येत न्हाई. त्यानंतर पोरीनं जो सराव केला, गोळीवर गोळी ठिपक्यात. तेव्हा मला पटलं, सर बराबर म्हणत होते. रायफलला काही झालं न्हव्हतं, पोरगी घाबरली होती. तिच्या मनावरचा दगड तिच्या बापानं अँब्युलन्समधून येऊन उचलला.

दुसऱ्या दिवशी जालन्याला गेलो. माझ्या आधी किस्सा पोचलेला होता, ह्यांनीच रात्री फोन केलेला. सर दारातच म्हणले, "मॅडम, तुम्ही बाहेर बसा. आत पंखे आहेत." मी गुमान बाहेर बसले. हे शेजारी, खिशात अंगारा.

बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. चेहरा एकदम गंभीर.

"मॅडम, श्रावणी जिल्ह्याच्या संघात आली," ते म्हणले. "कूलर मात्र थोडक्यात हुकला."

मी त्यांना धरून रडायचीच राह्यले होते. क्रोनो त्यांच्या हातात दिला, नमस्कार केला अन निघाले. तर मागून एक पोरगं आपल्या दोस्ताला विचारून राह्यलं होतं. दोघं जण रायफलीचा वेग मोजून राह्यले होते, अन आकडा काही धड येत न्हव्हता.

"अरे, नीट बघ," ते पोरगं म्हणलं, "हा आकडा खरा आहे, का मॅडम आहे?"

आता पूर्ण क्लबात तोच शब्द चालतो. रडारनं चुकीचं काही मोजलं, की त्याला म्हणायचं मॅडम. तर सांगायचं काय, विज्ञानात नाव लागावं अशी माझी हौस होती ना? लागलं.